घरची प्रार्थना आणि रविवारची मंडळी: नव्याने सुरुवात करणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी

लग्न झालं, नवं घर लागलं, भिंतीवर वचनाची पाटी आली, भेट मिळालेलं पवित्र शास्त्र (बायबल) शोकेसमध्ये नीट उभं राहिलं. पुढे काय करायचं हे मात्र पुष्कळ तरुण जोडप्यांना कुणी सांगितलेलं नसतं. लहानपणी आजी सगळ्यांना सतरंजीवर बसवायची, गीत तीच उचलायची, प्रार्थना आजोबा करायचे. आपण फक्त डोळे मिटून 'आमेन' म्हणायचो. आता ती जागा आपल्याकडे आली आहे हे जाणवतं, पण सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. मी मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, संडे स्कूलमध्ये बरीच वर्षं शिकवते आणि मुलांच्या आईवडिलांकडून हा प्रश्न सारखा ऐकते. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. नोकरीसाठी गाव सोडून शहरात आलेल्यांसाठी आणि घरात एकट्यानेच ख्रिस्तावर विश्वास ठेवलेल्यांसाठीही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. विश्वास घराच्या मध्यभागी राहायला हवा असेल, तर रोजच्या दिवसात त्याला लहानशी पण ठरलेली जागा द्यावी लागते आणि ती जागा मंडळीशी जोडलेली असावी लागते. रविवारच्या दीड-दोन तासांवर मुलं विश्वासात वाढत नाहीत. मंडळी सोडून नुसत्या घरच्या प्रार्थनेवरही कुटुंब फार दिवस तग धरत नाही.

हे काही नवीन नाही. पवित्र शास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आज्ञा आहे ती घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी या गोष्टी बोलत राहण्याची. पहिल्या मंडळ्या तर घरांतच भरत. येशूचा शिष्य पेत्र तुरुंगातून सुटला तेव्हा तो योहान मार्कच्या आईच्या घरी गेला, कारण लोक तिथे प्रार्थनेला जमले होते. प्रिस्क आणि अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सलाम सांगतो. तीमथ्याच्या विश्वासाबद्दल लिहिताना तो आधी आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं घेतो. कॅथलिक चर्चनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत (१९६२ ते १९६५) कुटुंबाला घरातलं चर्च म्हटलं. वसईकडच्या कॅथलिक घरांतून संध्याकाळी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणण्याची रीत त्याच्याही कितीतरी आधीची आहे. तेव्हा आपण नवं काही शोधत नाही आहोत. मोडलेली सवय परत लावायची आहे, एवढंच.

पहिली पायरी: वेळ

'रोज प्रार्थना करू' असं ठरवलं की ती होत नाही. 'जेवायच्या आधी, ताटं घेण्यापूर्वी' असं ठरवलं की होते. घरात रोज आपोआप घडणारी एखादी गोष्ट निवडा आणि प्रार्थना तिच्या आधी ठेवा. जेवणानंतरची वेळ मी कुणाला सुचवत नाही, कारण जेवल्यावर मुलं पेंगतात, मोठे फोन घेऊन बसतात आणि भांडी कुणी घासायची यावर बोलणं सुरू होतं. सकाळी जमत असेल तर फारच चांगलं, पण शाळेची बस आणि डबे यांच्या गडबडीत पहिल्याच आठवड्यात ती वेळ सुटते.

सुरुवातीला दहा मिनिटं पुरे. उत्साहाच्या भरात कुणी पाऊण तास सुरू केला तर त्यांना मी आवर्जून थांबवते. दहा मिनिटांची प्रार्थना वर्षभर चालते, पाऊण तासाची पंधरा दिवस. मुलांना तर 'आता किती वेळ बसवणार' ही धास्तीच नको.

आपल्या समाजात परिचारिका, शिक्षक, कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणारे पुष्कळ आहेत. नवऱ्याची दुसरी पाळी, बायकोची रात्रपाळी असली की सगळे एकत्र सापडणं मुश्किल. अशा घरांनी 'सगळे असतील तेव्हा' अशी वाट पाहू नये. जे घरी असतील त्यांनी बसायचं. आठवड्यातल्या दोन वेळा सगळ्यांच्या म्हणून आधीच नक्की करायच्या. बाहेरगावी असणाऱ्याला फोन लावून स्पीकरवर ठेवलं तरी चालतं. सौदीत किंवा दुबईत नोकरी करणारे वडील रोज पाच मिनिटं अशा रीतीने घरात असतात, अशी कुटुंबं मी पाहिली आहेत आणि त्या मुलांना वडिलांचा प्रार्थनेतला आवाज ओळखीचा असतो.

टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. पवित्र शास्त्र फोनवर वाचत असाल तर त्या वेळेपुरतं छापील पुस्तक घ्या. मुलांना पडदा दिसला की त्यांचं लक्ष पडद्याकडे जाणारच, त्यात त्यांचा दोष नाही.

दुसरी पायरी: त्या दहा मिनिटांत काय करायचं

क्रम साधा ठेवा: एक गीत, थोडं वाचन, एक प्रश्न, प्रार्थना, शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली.

गीताचं पूर्ण कवन म्हणायची गरज नाही. धृपद आणि एक-दोन कडवी पुरतात. पेटी-तबला असेल तर आनंद, नसेल तर टाळ्या. आपल्याकडे गीतांची ठेव मोठी आहे. नारायण वामन टिळक आणि कृष्णा रत्नाजी सांगळे या ख्रिस्ती कवींनी अभंग, पदं, कीर्तन अशा आपल्या मातीतल्या चालींत ख्रिस्ताची गीतं आणली. त्याआधी मंडळ्यांत बहुतेक परक्या चालींवर बसवलेली भाषांतरं गायली जात. 'उपासना संगीत' हे गीतपुस्तक घराघरांत असतं, पण उघडलं जातं ते रविवारी. महिन्याला एकच गीत निवडा आणि रोज तेच म्हणा. महिनाअखेर तीन वर्षांच्या मुलालाही ते पाठ झालेलं असतं. वर्षात बारा गीतं झाली. ती म्हातारपणापर्यंत पुरतात, हे मी आमच्या मंडळीतल्या आजींकडे बघून सांगते. त्यांना चष्मा लावूनही छापील अक्षर दिसत नाही, पण गीत सुरू झालं की एकही ओळ चुकत नाही.

वाचनाची सुरुवात बहुतेक जण उत्पत्तीपासून करतात. पहिलं पान उघडायचं आणि पुढे जायचं, हे स्वाभाविकच आहे. पण निर्गम संपून लेवीयात आलं की यज्ञांचे नियम सुरू होतात आणि लहान मुलांचं घर तिथे अडकतं. त्याऐवजी मार्ककृत शुभवर्तमानापासून सुरू करा. सोळा अध्याय, प्रसंग छोटे, घटना भराभर घडतात. रोज एक प्रसंग घेतला तर तीनेक महिन्यांत येशूचं आयुष्य एकदा घरात वाचून होतं. मग लूकाच्या शुभवर्तमानातले दाखले, म्हणजे येशूच्या बोधकथा, मग प्रेषितांची कृत्ये. अधूनमधून स्तोत्रं घ्या: २३, १२१, १०३. नीतिसूत्रांचे एकतीस अध्याय आहेत. किशोरवयीन मुलं असतील तर त्या त्या तारखेचा अध्याय उघडायचा आणि प्रत्येकाने त्यातलं आवडलेलं एक वचन वाचायचं. या वयाच्या मुलांना ते फार आवडतं, कारण त्यात पैसा, राग, मैत्री, आळस सगळं आलेलं आहे.

मुलं इंग्रजी माध्यमात जातात आणि देवनागरी अडखळत वाचतात, ही आता घरोघरची अडचण आहे. अडखळू द्या. एक वचन त्याने वाचावं, पुढची चार तुम्ही वाचा. जुनं भाषांतर जड जात असेल तर सोप्या मराठीतलं घ्या. कॅथलिक घरांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' मिळेल. वाचताना चुकलं म्हणून मुलाला सगळ्यांसमोर टोकू नका. त्या वयात बसलेली लाज पुढे मंडळीत वाचायला उभं राहण्याच्या आड येते.

वाचून झाल्यावर प्रवचन नको, एक प्रश्न हवा. आमच्या ओळखीच्या एका घरी मार्कच्या चौथ्या अध्यायातली वादळाची गोष्ट वाचली जात होती. वडिलांनी विचारलं, "यात तुला काय वेगळं वाटलं?" सात वर्षांचा मुलगा म्हणाला, "बोटीत पाणी आलं तरी येशू झोपला कसा? त्याला भिजायला झालं नाही?" मोठी बहीण हसायला लागली, पण वडिलांनी तिला थांबवलं आणि म्हणाले, "मला सांगता येणार नाही. परत वाच बरं, तो कुठे झोपला होता?" मुलाने परत वाचलं. मागच्या बाजूला, उशी घेऊन. मग आई म्हणाली, "दिवसभर लोकांना शिकवत होता ना, दमला असेल." तो मुलगा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे पप्पांसारखा." त्या घरात त्या दिवशी ख्रिस्ताचं मनुष्यपण शिकवायला कुठलंही पुस्तक लागलं नाही. उत्तर माहीत नसेल तर माहीत नाही असं सांगा आणि रविवारी पाळकसाहेबांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, विचारा. आईवडीलही विचारतात हे मुलांनी पाहावं.

प्रार्थना प्रत्येकाने करावी. लहानग्याने एक वाक्य म्हटलं तरी पुष्कळ. पण नवरा-बायकोंनी एकमेकांसमोर मोठ्याने प्रार्थना करायची म्हटली की संकोच वाटतो. पुरुषांना जास्तच. मंडळीत माइकवर प्रार्थना करणारा माणूस घरी बायकोसमोर गप्प होतो, कारण घरी त्याला खरा ओळखणारं माणूस समोर बसलेलं असतं. त्यावर उपाय असा: पहिले काही आठवडे लिहून आणा किंवा स्तोत्रातलीच वचनं प्रार्थना म्हणून वाचा. मग हळूहळू 'आज या गोष्टीसाठी तुझे उपकार मानतो' एवढं एक वाक्य स्वतःचं. ज्या दिवशी भांडण झालं असेल त्या दिवशी प्रार्थना टाळू नका. त्या दिवशी फक्त प्रभूची प्रार्थना म्हणा. तिच्यातलं 'आम्ही आमच्या ऋण्यांस सोडलं', हे म्हणताना जे व्हायचं ते होतं.

तिसरी पायरी: वही

साधी शंभर पानी वही आणा. डाव्या पानावर तारीख, कुणासाठी, काय मागितलं. उजवं पान कोरं सोडा. उत्तर मिळालं की तिथे तारीख घालून लिहा. मामाचं ऑपरेशन, ताईची दहावी, शेजारच्या काकांची नोकरी, पाऊस. मुलांना लिहायला द्या, अक्षर कसंही असो. तीन-चार महिन्यांनी मागची पानं उलटून पाहिली की काही ठिकाणी उत्तर आलेलं असतं, काही ठिकाणी वेगळंच आलेलं असतं आणि काही पानं अजून कोरी असतात. तीही मुलांना दाखवा. मागितलं ते लगेच मिळतं असं शिकवलेल्या मुलाचा विश्वास पहिल्या नापास निकालाला ढासळतो.

आणखी एक जुनी चांगली रीत. घरच्या पवित्र शास्त्राच्या पहिल्या कोऱ्या पानावर जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या तारखा लिहिणं. तुमच्या आजीच्या पुस्तकात त्या असतील. त्या उतरवून घ्या आणि तुमच्या पुस्तकात पुढे लिहीत राहा.

चौथी पायरी: रविवार शनिवारीच सुरू करा

रविवारची सकाळ बिघडते ती बहुधा शनिवारी रात्री. कपडे इस्त्री करून ठेवलेले नसतात, एक बूट सापडत नाही, अर्पणाला सुट्टे नसतात आणि चिडचिड करत सगळे अर्धी उपासना झाल्यावर पोचतात. शनिवारी संध्याकाळीच कपडे, चपला, पाकीट, पुस्तकं एका जागी ठेवा. त्या रविवारचे पाठ मंडळीच्या सूचनापत्रकात किंवा ग्रुपवर येत असतील तर शनिवारच्या घरच्या वाचनात तेच घ्या. दुसऱ्या दिवशी वाचन सुरू झालं की मुलं मान वर करतात, 'हे आपण काल वाचलं' म्हणून.

दहा मिनिटं आधी पोचा. सगळे एका बाकावर बसा. तरुण मुलांना मित्रांबरोबर मागे बसायचं असतं. महिन्यातून एखादा रविवार त्यांना सोडा, पण प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, दिवशी कुटुंब एकत्र असावं. लहान मुलं संडे स्कूलला जात असतील तर घरी आल्यावर त्यांचं सुवर्णवचन, म्हणजे पाठ करायला दिलेलं वचन, विचारा. शिक्षिका म्हणून सांगते, ज्या मुलांना घरी कुणी विचारतं ती मुलं वर्गात वेगळी ओळखू येतात.

परतताना रिक्षात किंवा गाडीत काय बोलणं होतं, ते फार महत्त्वाचं आहे. संदेश लांबला, अमक्याने गीत बेसूर म्हटलं, तमकीची साडी. मुलं मागच्या सीटवर सगळं ऐकत असतात. दोन-तीन वर्षं असं ऐकलेलं मूल मोठं झालं की मंडळीत यायला नको म्हणतं आणि मग आईवडील विचारतात, असं का झालं. संदेशातलं एक वाक्य प्रत्येकाने सांगायचं, एवढा नियम गाडीत ठेवा.

अर्पणाविषयी थोडं सविस्तर. बहुतेक मराठी मंडळ्यांत महिन्याच्या वर्गणीचं पाकीट असतं, शिवाय रविवारची थैली आणि सणांचं विशेष अर्पण. पगार आल्यावर पहिल्याच दिवशी नवरा-बायकोंनी बसून रक्कम ठरवा आणि बाजूला काढा. उरलं तर देऊ म्हटलं की उरत नाही. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, हा चांगला मापदंड आहे, पण कर्ज डोक्यावर असलेल्या, घरात आजारपण असलेल्या कुटुंबाला दशमांशावरून लाजवणं चुकीचं आहे आणि तसं कुणी करत असेल तर त्यांना स्पष्ट सांगा. विधवेने दिलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे अगदी लहान नाण्यांची, गोष्ट येशूने सांगितली ती तिच्या देण्याचा मान ठेवण्यासाठी. मुलांना अर्पणाची नाणी तुमच्या खिशातून थैलीपाशी काढून देऊ नका. त्यांच्या खाऊच्या पैशांतून त्यांनीच घरून आणू द्यावीत.

पाचवी पायरी: मंडळीत नाव आणि काम

गाव बदललं की आधी जुन्या पाळकसाहेबांकडून सभासदत्वाचा दाखला घ्या आणि नव्या मंडळीत द्या. हे काम लोक वर्षानुवर्षं लांबवतात. मग मुलाचा बाप्तिस्मा, दृढीकरण (मोठेपणी विश्वास पक्का करण्याचा विधी) किंवा लग्न समोर आलं की धावपळ होते. महत्त्वाचं म्हणजे नाव नोंदल्याशिवाय तुम्ही तिथले पाहुणेच राहता. शहरात आल्यावर दर रविवारी वेगळ्या चर्चला जाणारी कुटुंबं मी पाहते, जिथे गायन चांगलं तिथे. मुलांना तिथे कुणी नावाने ओळखत नाही. पाळक घरी येत नाहीत, कारण त्यांना घरच माहीत नसतं. मंडळी लहान असो, गायन साधं असो, एकीचे व्हा. तुमची जुनी मंडळी कुठल्या मिशनची होती याचा फार विचार करू नका. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा आपल्याकडच्या वेगवेगळ्या मिशनच्या पुष्कळ मंडळ्या एका छत्राखाली आल्या. आपल्या आजोबांच्या पिढीने ते केलं.

पहिल्या वर्षी एकच काम घ्या: सतरंज्या घालणं, फुलं, चहा, संडे स्कूल, घरसभेसाठी घर देणं. घर लहान असलं तरी घरसभा घ्या. शेजारून खुर्च्या मागून आणाव्या लागतात, लोक दारापर्यंत बसतात, चहाचे कप कमी पडतात आणि मुलांना कळतं की आपलं घर देवाच्या कामाला लागतं. वाढदिवस, नवी नोकरी, आजारातून बरं होणं यांसाठी उपकारस्तुती सभा ठेवा. तिचं जेवण साधं ठेवा. जेवणावळीच्या खर्चापायी उपकारस्तुतीच लांबणीवर टाकणारी घरं आहेत, त्यांचं मला मनापासून वाईट वाटतं.

कमिटीची निवडणूक, जमिनीचे दावे, गटबाजी यांत मात्र नव्या कुटुंबाने पहिल्या दिवसापासून उतरू नये. ज्या घरात रोज रात्री जेवताना चर्चचं राजकारण बोललं जातं तिथे प्रार्थना आपोआप कोरडी पडते. याचा अर्थ गैरव्यवहार दिसला तरी डोळे मिटावेत असा नाही. वार्षिक सभेला जा, हिशेब वाचा, प्रश्न विचारा. कुणाशी तक्रार असेल तर मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला क्रम पाळा: आधी एकट्याने भेटून बोला, मग एक-दोघांना बरोबर घेऊन, मग मंडळीपुढे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कधीच नाही.

सहावी पायरी: वर्षाचा फेरा

सण हे मुलांना विश्वास हाताने धरायला मिळण्याचे दिवस असतात. नाताळच्या आधीचे, आगमनकाळाचे चार रविवार आले की घरी दर रविवारी एक मेणबत्ती जास्त लावा आणि लूकाचे पहिले दोन अध्याय तुकड्यांनी वाचा. करंज्या, शंकरपाळ्या, अनारसे करायला सगळे बसलेले असतात तीच नाताळची गीतं पाठ करायची वेळ. फराळाची ताटं शेजाऱ्यांकडे मुलांच्या हाती पाठवा. त्यांच्या दिवाळीचं ताट आपल्याकडे येतंच की.

ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात मांसाहार सोडण्यावर बहुतेक घरांचं लक्ष असतं. ते करा, पण वाचलेले पैसे डब्यात टाका आणि पुनरुत्थानदिनी (ईस्टरला) ते कुणाला द्यायचे हे मुलांना ठरवू द्या. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) तीन तासांच्या उपासनेला लहान मुलं पूर्ण वेळ बसणार नाहीत. येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी दोनांपुरतं त्यांना आत बसवा, मग बाहेर न्या. पुनरुत्थानदिनाला मात्र पहाटेच उठवा, कितीही कुरकुरली तरी. काही गावांत लोक त्या पहाटे कबरस्तानात जातात. आजोबांच्या कबरीपाशी उभं राहून 'प्रभू उठला आहे' म्हणणं मुलांना आयुष्यभर लक्षात राहतं.

खेड्यातल्या मंडळीत हंगामाचा सण होतो तेव्हा शहरातल्या मुलांना एकदा तरी न्या. ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी, कधी पाय बांधलेली कोंबडी, सगळं वेदीपुढे येतं आणि उपासनेनंतर लिलाव होतो. भोपळ्याची बोली बाजारभावाच्या कितीतरी पुढे जाते, तोच भोपळा कुणीतरी परत दान करतो आणि त्याचा पुन्हा लिलाव होतो. देण्यातला आनंद असा हसत-खेळत पाहायला मिळणं फार मोलाचं आहे.

घरात सगळे ख्रिस्ती नसतील तर

ही पायरी सगळ्यांना लागत नाही, पण ज्यांना लागते त्यांना ती एकट्यानेच चढावी लागते. नवरा किंवा बायको, आईवडील, सासूसासरे दुसऱ्या श्रद्धेचे असतील तर घाई करू नका. वर ज्यांचं नाव आलं त्या कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईत १८९५ मध्ये झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर तो वज्राघातच होता. त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग मुलाला घेऊन अहमदनगरला आल्या, तिथेही आपलं सोवळं-ओवळं पाळत राहिल्या आणि १९०० मध्ये स्वतःच्या मनाने त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी वाट पाहिली. १९१९ मध्ये ते गेल्यावर त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे येशूवरचं काव्य याच लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

म्हणून सासूबाईंच्या देवघराबद्दल वाकडा शब्द बोलू नका. त्यांच्या आजारपणात उशाशी बसा. प्रार्थना स्वतःच्या खोलीत करा, पण चोरून नको. कुणी विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर सांगायला जाऊ नका. मुलांना शिकवताना जोडीदाराला अंधारात ठेवू नका. मुलांना कुठे न्यायचं, काय शिकवायचं हे आधी दोघांत बोला. मंडळीतल्या एखाद्या समंजस वयस्क बाईला किंवा काकांना विश्वासात घ्या. अशा घरातल्या माणसाला रविवारी 'जय ख्रिस्त' म्हणून हात हातात घेणारं कुणी असणं फार गरजेचं असतं, आणि जुन्या सभासदांनो, ते तुमचं काम आहे.

दुःखाच्या दिवसांत

घरात मृत्यू झाला, नोकरी गेली, मूल आजारी पडलं, की काही घरांत प्रार्थना वाढते आणि काही घरांत बंद पडते. बंद पडली तर स्वतःला पापी म्हणत बसू नका. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर स्तोत्रं उसनी घ्या. तेरावं स्तोत्र 'कोठवर' अशा प्रश्नाने सुरू होतं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. अशी स्तोत्रं पवित्र शास्त्रात आहेत, म्हणजे असं बोलण्याची मोकळीक देवानेच दिली आहे.

पंडिता रमाबाईंची एकुलती मुलगी मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली. केडगावच्या मुक्ती मिशनचं काम तिच्या हाती सोपवायचं, असं त्यांच्या मनात होतं. त्या वेळी रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर करत होत्या आणि मुलगी गेल्यावरही ते काम त्यांनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या. ते भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं, मुक्तीच्याच छापखान्यात छापून. शोकात असलेल्या कुटुंबाला मी मोठमोठी कारणं सांगत नाही. हातातलं छोटं काम सुरू ठेवा म्हणते: तेच गीत, तीच दहा मिनिटं, रिकाम्या जागेसकट. आणि मंडळीला येऊ द्या. डबा घेऊन आलेल्यांना 'कशाला त्रास घेतला' म्हणू नका.

किशोरवयातली मुलं 'मला हे पटत नाही' म्हणाली तर तेही याच खात्यात धरा. ओरडू नका, पाळकांकडे तक्रार घेऊन जाऊ नका. बसायची सक्ती ठेवा, बोलायची सक्ती नको. त्यांचे प्रश्न वहीत लिहून ठेवा आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करा, त्यांना ऐकू जाईल अशी टोमणेवजा नव्हे.

आणि खंड पडला तर

पडणारच. पाहुणे, परीक्षा, प्रवास, ताप. आठ दिवस, कधी दोन महिने. सुटलेली वाचनं भरून काढायला जाऊ नका, त्या नादात परत सुटतं. जिथे खूण घातली होती तिथून पुढे चला. नवा मुहूर्त, नवं वर्ष, पहिली तारीख यांची वाट पाहू नका. आज संध्याकाळी ताटं घेण्यापूर्वी मार्कचा पहिला अध्याय उघडा, पहिली आठ वचनं वाचा आणि घरातल्या सर्वांत लहान माणसाला विचारा, आज कुणासाठी प्रार्थना करायची.